सरांनी पुसलेली फाईल

माझा स्वभाव डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून टाकते. माफ केलं की मन हलकं होतं, असं लोक सांगतात. एका माणसाच्या बाबतीत मी दहा वर्षं वाट पाहिली, माझं काही हलकं झालं नाही. तो माणूस म्हणजे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे आमचे प्रोजेक्टचे सर. त्यांचं नाव इथं घेणार नाही. मुद्दाम घेणार नाही, कारण फुकटात नाव मिळवायची त्यांना सवय आहे.

त्यांची-माझी पुन्हा गाठ पडली ती आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, आणि तीही ते स्वतः तिथं नसताना. अंबडला मी ज्या कंपनीत आहे तिथं विजेच्या मीटरच्या पोटात चालणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. माझ्या शेजारच्या टेबलवरची मैत्रीण तेव्हा टेस्टिंगला होती. तिला आमच्या कामात यायचं होतं, म्हणून तिने शनिवार-रविवारचा एक वर्ग लावला होता, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला शिकवणारा. मोठी नव्हे, हौसेची. कॉम्प्युटर चालू झाला की आपली चार अक्षरं पडद्यावर यावीत, कळ दाबली की अक्षर उमटावं, एवढाच तिचा जीव. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. वर्ग घेणाऱ्या सरांनी सगळ्या फाईली तयार दिल्या होत्या आणि तरी अख्खा वर्ग एकाच जागी अडला होता. डबा बाजूला सारून तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर एररची रांग होती. सगळ्यात वरची ओळ होती: अनडिफाइन्ड रेफरन्स टू वानवळा.

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. असा प्रोग्राम एका फाईलमध्ये नसतो, दहा-बारा फाईलींत असतो. प्रत्येक फाईलचा आधी सुटा तुकडा तयार होतो, आणि लिंकर नावाचा प्रोग्राम ते तुकडे एकमेकांना जोडतो. एका तुकड्याने दुसऱ्यातलं काही मागितलं आणि ते कुठल्याच तुकड्यात सापडलं नाही, की लिंकर हटून बसतो. लग्नाच्या यादीत मामाचं नाव आहे, भटजी मामाला हाका मारताहेत, आणि मामा मांडवातच नाही, तसं. वानवळा नावाचं काहीतरी कोणीतरी मागत होतं आणि ते कुठंच नव्हतं. त्या एररखाली आणखी दोन नावं होती. ओळ आणि रकाना.

जगात कर्नल लिहिणारी माणसं खूप आहेत. त्यात कुठल्या फंक्शनला वानवळा म्हणणारी एकच आहे, आणि ती मी. ओळ आणि रकाना ही नावंही माझीच. पडद्यावर पुढचं अक्षर कुठं पडायचं ते त्यात लिहून ठेवायचं. मराठी नावं ठेवली, कारण संध्याकाळी आई हार ओवत बसलेली असायची आणि मी तिला वाचून दाखवायचे.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. माल पंचवटीत जायचा आणि आई तिथंच हार घेऊन बसायची. मळ्यात पहिलं काही निघालं की ते विकायच्या आधी चार घरी वानवळा म्हणून जातं. शेजारी, सोयरे, डॉक्टर, शाळेतल्या बाई. कॉलेजला गेल्यावर त्या यादीत सर आले. वडील म्हणायचे, विद्या देणाऱ्याच्या घरी पहिला वानवळा. मी गाडीच्या हँडलला पिशवी अडकवून न्यायचे. आठवडाभर काही नेलं नाही तर सर वर्गात सगळ्यांसमोर विचारायचे, काय, यंदा मळा सुकला का. आमच्याकडे आलेलं भांडं किंवा पिशवी रिकामी परत करत नाहीत, मूठभर साखर का होईना, टाकतात. सरांच्या घरून पिशवी नेहमी रिकामी आली. मला त्याचं काही वाटायचं नाही, आई मात्र ती पिशवी उलटी करून झटकायची.

कर्नल लिहायचं माझ्याच डोक्यात आलं. तीन महिने मी लिंकरशी भांडले. आधी त्याला सुरुवातच सापडेना, मग सापडली तर तो ती भलत्याच जागी ठेवी. ओळ आणि रकाना सगळ्या फाईलींना लागतात म्हणून मी ते सगळ्यांना सामायिक असलेल्या हेडर फाईलमध्ये टाकले, तर प्रत्येक तुकड्यात त्यांची एकेक प्रत तयार झाली आणि लिंकर मल्टिपल डेफिनिशन म्हणून बोंबलायला लागला. आता मांडवात एकाऐवजी आठ मामा. आठ दिवसांनी कळलं की वस्तू एकाच घरी ठेवायची आणि बाकीच्यांना फक्त पत्ता द्यायचा. ते एक घर म्हणजे मी लिहिलेली सगळ्यात पहिली फाईल, वानवळा. कॉम्प्युटर चालू झाला की तिने एक ओळ छापायची: हा वानवळा मखमलाबादच्या मळ्यातून, आणि खाली वडिलांच्या नावासकट माझं पूर्ण नाव. वानवळा देताना कुठल्या मळ्यातला ते सांगतातच. पुढचं सगळं त्या फाईलला धरून वाढलं. सरांना मी दोनदा अडचण विचारली. दोन्ही वेळा ते म्हणाले, इंटरनेटवर बघ.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. माझा कर्नल चालू झाला, ओळ उमटली. सरांनी एकही फाईल उघडली नाही. परीक्षकांकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "कुठल्या दुकानातून आणलंस? फुलं विकणाऱ्यांच्या घरात कर्नल उगवत नाहीत."

तयार प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकणारी दुकानं शहरात होती, हे खरं. माझ्या वर्गातल्या अर्ध्यांनी तिथूनच आणले होते आणि त्यांच्याबद्दल सरांनी ब्रसुद्धा काढला नाही. मी फाईल उघडून दाखवते म्हणाले, तर वेळ नाही म्हणाले. चार मिनिटांत मी बाहेर. पास होण्यापुरते मार्क पडले, आणि तेवढ्या मार्कांवर कॅम्पसच्या मुलाखतींना कोणी बसू देत नव्हतं. दोन वर्षं मी पंचवटीत आईशेजारी बसून हार ओवले. सर एकदा गाडी थांबवून समोरून हार घेऊन गेले, ओळखसुद्धा दाखवली नाही. माझ्या प्रोजेक्टची सीडी मात्र त्यांनी कॉलेजच्या रेकॉर्डला म्हणून ठेवून घेतली होती.

तर ती सीडी अशी कामी आली. कँटीनमध्ये मी एकेक फाईल उघडत गेले. प्रत्येकीच्या डोक्यावर माझ्या त्याच सरांचं नाव, हा वर्ग तेच घेत होते. खालचा कोड जसाच्या तसा, माझी एक वेडीवाकडी रिकामी ओळ सोडायची सवय होती तीसुद्धा तशीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. माझं नाव एकाच फाईलमध्ये होतं, म्हणून त्यांनी ती फाईल पुसली होती. आणि ती पुसल्यावर बाकी सगळं कोसळतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर्गाने एरर दाखवली तेव्हा ते म्हणाले म्हणे, मुद्दाम ठेवलीय, लिंकरच्या चुका शोधणं हा तुमचा गृहपाठ. हे ऐकून मी कँटीनमध्ये एकटीच हसत सुटले. चोरीत राहिलेलं भोक, आणि त्याचाही गृहपाठ.

मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. ती चिडली, म्हणाली लगेच ग्रुपवर टाकते. मी तिला थांबवलं. राग तिचा होता, तो आठवडाभरात विझला असता. माझा दहा वर्षं मुरलेला होता, त्याला घाई नव्हती.

घरी आईला सांगितलं. वडील आता नाहीत. ते असते तर म्हणाले असते, दिलेल्या वानवळ्याचा हिशेब ठेवत नाहीत. आईने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "दिलेलं असतं तर गेलं असतं. हे त्यानं चोरलं हाय. सोडायचं नाय त्याला."

दरम्यान सरांनीही हातपाय मारले. पुढच्या रविवारी त्यांनी वर्गाला लिंकरचा एक पर्याय सांगितला, जे सापडत नाही त्याकडे दुर्लक्ष कर म्हणून. एरर गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्नल चालू केला, तर कॉम्प्युटर चालू होतोय आणि लगेच स्वतःच परत सुरू होतोय, सारखा. होणारच. मामा नसताना मामा आला असं लिहून दिलं, आणि मग भटजी रिकाम्या जागी अंतरपाट धरायला सांगताहेत. शेवटच्या रविवारी समारंभ होता, प्रत्येकाने आपला कर्नल चालवून दाखवायचा होता, आणि कोणाचाच चालत नव्हता.

समारंभाच्या दोन दिवस आधी मी माझ्या जुन्या डिस्कवरून वानवळा फाईल काढली आणि मैत्रिणीला दिली. त्यातलं एक अक्षर बदललं नाही. तिने ती वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर टाकली, ज्यात सर नव्हते. सोबत लिहिलं, ही घातली की चालतं.

रविवारी मी तिच्या घरची पाहुणी म्हणून हॉलमध्ये गेले आणि मागच्या रांगेत बसले. ओझरला नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रमुख पाहुणे होते. साधा, उत्साही माणूस, दर लॅपटॉपपाशी वाकून बघत होता. सरांनी सुरू करा म्हटलं आणि टेबलांवरचे लॅपटॉप एकामागून एक उजळले. प्रत्येकावर तीच ओळ. हा वानवळा मखमलाबादच्या मळ्यातून. खाली माझ्या वडिलांच्या नावासकट माझं नाव, पिवळ्या अक्षरांत. मी रांगेत उभी राहून मोजत होते. मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

पाहुण्यांनी विचारलं, ही मुलगी कोण. मला वाटलं, आता याची बोबडी वळणार. पण सर पक्के. त्यांनी मला मागे उभं पाहिलं होतं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता म्हणाले, माझीच विद्यार्थिनी, तिची आठवण म्हणून आम्ही ठेवलंय, आणि मला हात करून पुढं बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली होती. वासे काढून नेऊन घराच्या मालकालाच आपला म्हणून मिरवणारा हा पहिलाच.

एका क्षणात माझा सूड त्याच्या खिशात जाऊन बसला होता. नाव छापून भागणार नाही हे मला तिथं, चालता चालता कळलं.

मी पुढं गेले. नमस्कार केला. मग मैत्रिणीचा लॅपटॉप ओढला, वानवळा फाईल पुसली आणि लिंकरला पुन्हा जोडायला लावलं. एररची रांग आली. पाहुण्यांना मी म्हणाले, सरांनी वर्गाला हाच गृहपाठ दिला होता, आयती फाईल मिळाली म्हणून आज चाललं, उत्तर कोणालाच आलं नाही, सरांनी एकदा करून दाखवलं तर सगळ्यांना कळेल. पाहुणे खूश झाले. त्या बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाले, वा, दाखवा की सर, आम्हालाही समजेल. खुर्चीसुद्धा त्यांनीच पुढं केली.

सर बसले. सगळ्यात खालची ओळ वाचली, जिच्यात नुसतं काम फसलं एवढंच असतं. नवखी मुलं तीच वाचतात. मग वर गेले. ओळ आणि रकाना सापडत नाहीत हे त्यांना दिसलं. थोडा विचार करून त्यांनी ते हेडर फाईलमध्ये लिहिले आणि एंटर मारलं. मल्टिपल डेफिनिशन. सहा एररच्या जागी तीस झाल्या. मागून एक मुलगा काहीतरी सांगायला लागला, त्याला मी म्हणाले, "थांबा. सरांना करू द्या."

हे मी गोड आवाजात म्हणाले. तो आवाज माझा होता हे मला नंतर आठवून पटेना.

सरांनी लिहिलेलं पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. केस पिकले होते, हे मला तेव्हा दिसलं. लोक आधी बघत राहिले, मग आपसात बोलायला लागले, मग कोणीतरी चहा आलाय म्हणालं आणि हॉल हळूहळू रिकामा झाला. पाहुण्यांनीही घड्याळ पाहिलं आणि काढता पाय घेतला. त्यांना काय समजायचं ते समजलं होतं.

मला निघता आलं असतं. जे करायला आले होते ते झालं होतं. आई घरी वाट बघत होती, सगळं तपशीलवार सांग म्हणाली होती.

सरांनी चष्मा पुसला आणि उरलेल्यांतली पहिली फाईल उघडली. सुरुवातीपासून वाचायला लागले, एकेक ओळ, बोट पडद्यावर ठेवून. मग दुसरी. कीबोर्डच्या फाईलमध्ये एके जागी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. तिथं मी एक युक्ती केली होती, जिचा मला तेव्हा फार अभिमान होता आणि जी आजवर कोणीच पाहिली नव्हती. ते मान हलवत होते. माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "हे चांगलं केलंयस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला इतका संताप आला की त्यांचा लॅपटॉपवरचा हात झटकून टाकावासा वाटला. हे ऐकायला मी तोंडी परीक्षेला गेले होते. दोन वर्षं सुई-दोऱ्यात बोटं टोचताना मी हेच वाक्य कोणाकडून तरी ऐकायची वाट बघत होते. माझं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचणारं पहिलं माणूस, आणि ते हेच असावं. दुसरं कोणी नाही का मिळालं.

"ओळ आणि रकाना कुठं ठेवायचे होते, सांग की," ते म्हणाले.

एका वाक्याचं उत्तर होतं. मी दिलं नाही. त्यांनी तिसरी फाईल उघडली. मी बाजूची खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले, त्यांची शेवटची फाईल वाचून होईपर्यंत.